मुलांना खेळविणाऱ्यांची शाळा



ज्या माणसाने नववीची परीक्षा दिली नाही त्याला व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर उभे करण्याचे धाडस चालकांनी केले आहे. त्याबद्दल त्यांचे आभार मानावेत की त्यांची कीव करावी, हे आपण तासाभराने ठरवा. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पायंडा घातला. शाळा सुटली तरी शिकणे सुटू नये, अशी काहीतरी त्यामागची भावना असावी असे मी आपल्यापुरते मानतो, कारण माझे सारे शिक्षण अशा सुटलेल्या शाळेनंतरचेच आहे.

आजचा विषय वरवर पाहता किरकोळ वाटेल. आपण मुलाला शाळेत घालतो तेव्हा मास्तरांची पदवी विचारतो, शाळेचा निकाल विचारतो. पण शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंत जे मूल मैदानात, व्यायामशाळेत, अभ्यासिकेत किंवा कल्याण केंद्रात असते, तेथे त्याला खेळविणारा माणूस कोण, त्याला हे काम कोणी शिकविले, हे आपण विचारीत नाही. मुले काय, कोणीही खेळवील, असे आपण धरून चालतो. ही समजूत चुकीची आहे हे ज्यांना प्रथम कळले आणि त्यांनी त्यासाठी जी खटपट केली, तिचा मुंबईपुरता इतिहास मी सांगणार आहे.

या इतिहासाची सुरुवात मैदानात होत नाही, गिरणीत होते. १८८१ साली हिंदुस्थानात पहिला फॅक्टरी ॲक्ट आला. सात वर्षांखालचे मूल कामाला लावू नये आणि सात ते बारा वर्षांच्या मुलाकडून दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम घेऊ नये, एवढेच त्याने सांगितले. एवढेच म्हणतो, पण त्या आधी तेवढेही नव्हते. १८९१ च्या कायद्याने खालची मर्यादा नऊ वर्षांवर नेली आणि चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांचे तास सातावर आणले. १९११ साली कापड गिरण्यांत मुलांचे तास सहा झाले. १९२२ साली बारा वर्षांखालच्या मुलाला कारखान्याचे दार बंद झाले. या आकड्यांकडे कामगार चळवळीचे लोक अभिमानाने पाहतात, मीही पाहतो. परंतु त्यांची दुसरी बाजू आमच्या ध्यानात उशिरा आली. कायदा दर वेळी मुलाला तास-दोन तासांनी गिरणीबाहेर काढीत होता आणि बाहेर त्या मुलासाठी कोणीही उभे नव्हते. बाप पाळीवर, आई बहुधा रहाटखात्यात, खोली दहा बाय बाराची आणि तीत दोन बिऱ्हाडे. सुटलेले मूल जाणार कोठे? रस्त्यावर, नाहीतर जिन्याखाली जुगार चालतो तेथे.

मोठ्या माणसांचीही गत निराळी नव्हती. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा भरवून आठवड्याच्या सुट्टीची मागणी मांडली, आणि १८९० च्या जून महिन्यात मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. म्हणजे फुरसत ही चीज आमच्याकडे लढून आली. पण तिचे करावयाचे काय, हा प्रश्न तिच्या मागोमाग आला आणि त्याचे उत्तर सभेत ठराव करून मिळणारे नव्हते.

उत्तर शोधणाऱ्यांत पहिले नाव नारायण मल्हार जोशी यांचे. आज डिलाईल रोडला त्यांचे नाव आहे. त्या रस्त्याने रोज जाणाऱ्यांपैकी किती जणांना हा गृहस्थ मूळचा शाळामास्तर होता हे ठाऊक असेल, कोण जाणे. ते १९०९ साली गोखल्यांच्या भारत सेवक समाजात गेले, १९११ साली त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली, १९१९ साली वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेला कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले आणि १९२० साली आयटकच्या स्थापनेत पुढे होते. आम्ही युनियनवाले शेवटच्या दोन गोष्टी सांगतो आणि दुसरी गाळतो. मला मात्र वाटते की दुसरीवाचून शेवटची उभी राहिली नसती. लीगने रात्रशाळा काढल्या, फुकट वाचनालये काढली, चाळीतल्या लोकांच्या सहली नेल्या, मुलांचे क्लब आणि बालवीरांची पथके चालविली. परळचे दामोदर नाट्यगृह हे याच लीगचे. कामगार रंगभूमी तेथे वाढली.

हे सारे करू लागल्यावर जोशींच्या लोकांना एक अडचण भेटली. कॉलेजातले उत्साही तरुण सेवा करावयास येत. पहिल्या आठवड्यात वीस येत आणि महिन्याने तीन उरत. उरलेले तिघे मुलांपुढे भाषणे करीत. तेव्हा १९२० च्या सुमारास लीगने स्वयंसेवकांसाठी अल्प मुदतीचा शिक्षणवर्ग काढला. आपल्या देशात समाजकार्याच्या शिक्षणाचा आरंभ म्हणून त्याचा उल्लेख केला जातो. सेवा करावयाची इच्छा असणे निराळे आणि ती करता येणे निराळे, हे त्या वर्गाने मान्य केले. ही कबुली लहान नाही. आपल्याकडे सेवाभावी माणसाला 'तुम्हाला हे येत नाही' असे म्हणणे आजही उद्धटपणाचे ठरते.

आता कोणी म्हणेल की आमच्याकडे तालमीत वस्ताद नव्हते काय? होते, आणि उत्तम होते. वस्ताद शिकवीत असे ते नुसते डाव नव्हेत. लहान पोराशी मोठ्याने कसे लढावे, कोणाला केव्हा पडू द्यावे हेही तो पाहत असे. पण वस्ताद तयार होण्यास वीस वर्षे लागत आणि त्याची विद्या त्याच्या तालमीबाहेर जात नसे. ती बाहेर नेण्याचा प्रयत्न अमरावतीस झाला. वैद्य बंधूंनी १९१४ साली काढलेल्या आखाड्याचे पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले. तेथे व्यायामशिक्षक तयार करण्याचे वर्ग चालू लागले आणि १९३६ साली मंडळाचे पथक बर्लिनला जाऊन आपले देशी खेळ दाखवून आले.

याच सुमारास साहेबाच्या देशात जी एक युक्ती निघाली होती, ती जरा विस्ताराने सांगतो, कारण तिच्यातून मी स्वतः पुष्कळ शिकलो. बेडन-पॉवेलने १९०७ साली ब्राउनसी बेटावर मुलांचे पहिले शिबिर भरविले आणि पुढच्या वर्षी पुस्तक लिहिले. पुस्तक वाचून पोरांनी आपणहून पथके बनविली. पोरे झाली तयार. पण त्यांना सांभाळणारी मोठी माणसे कोठे होती? जी आली त्यांतील कित्येक निवृत्त शिपाईगडी, त्यांनी पोरांची कवायत सुरू केली. हे थांबविण्यासाठी १९१९ साली लंडनजवळ गिलवेल पार्क ही जागा घेतली गेली आणि त्या सप्टेंबरात स्काउटमास्तरांचा पहिला वर्ग भरला.

त्या वर्गाची गंमत अशी की त्यात मास्तरांना मुलांवर कसा अंमल करावा हे शिकविलेच नाही. मिशावाल्या माणसांची लहान लहान टोळकी केली, प्रत्येक टोळक्याला त्यांच्यातलाच एक नायक दिला आणि त्यांना तंबूत राहावयास, स्वतःची चूल पेटवावयास, भांडी घासावयास, खेळात हरावयास लावले. ज्याने चूल विझविली त्याला चूल विझविणाऱ्या पोराचा राग पुन्हा येत नाही. वर्ग पुरा करणाऱ्याला लाकडी मणी मिळत. ते मणी पहिल्यांदा आफ्रिकेतून आणलेल्या दिनुझुलू राजाच्या माळेतले होते. साम्राज्याची माणसे, त्यांचे मानचिन्हही दुसऱ्याच्या गळ्यातले. आणखी एक योगायोग: १९२३ साली या शाळेचा मुख्य झालेला विल्सन हा कलकत्त्याच्या पोलीस खात्यातला अधिकारी होता.

हिंदी मुलांना मात्र हे दार प्रथम उघडे नव्हते. म्हणून १९१७ साली ॲनी बेझंटबाईंनी मद्रासेस हिंदी मुलांची वेगळी संघटना काढली आणि पंडित श्रीराम बाजपेयी, मालवीयजी, हृदयनाथ कुंझरू यांनी अलाहाबादेस सेवा समितीची बालवीर पथके उभी केली. या निरनिराळ्या प्रवाहांचे एकत्रीकरण व्हावयास ७ नोव्हेंबर १९५० उजाडावे लागले. पद्धत घ्यावी आणि मालकी नाकारावी, हे त्या लोकांना जमले. आम्हा कामगार पुढाऱ्यांना पुष्कळदा उलटे जमले आहे: मालकी बदलली, पद्धत तीच ठेवली.

दुसरी युक्ती अमेरिकेतून आली. शिकागोत जेन ॲडम्सने १८८९ साली हल हाउस काढले. गरीब वस्तीत शेजारी म्हणून राहावयाचे, ही त्यामागची कल्पना. त्या वस्तीत दहा देशांची मुले, एकाची भाषा दुसऱ्याला कळत नाही. नेव्हा बॉइड या बाईने १९११ साली त्या शहरात मैदानावर काम करणाऱ्यांसाठी प्रशिक्षणशाळा काढली आणि पुढे तिचे वर्ग हल हाउसमध्ये चालले. भाषा कळत नसली तरी लगोरी कळते, हे तिने ओळखले असे म्हणा ना.

त्याच शिकागोच्या विद्यापीठातून शिकलेले क्लिफर्ड मॅन्शार्ट १९२५ साली अमेरिकन मराठी मिशनतर्फे मुंबईस आले. त्यांनी नागपाड्यात नेबरहुड हाउस उभारले. नागपाडा म्हणजे तेव्हा मुसलमान, यहुदी, ख्रिस्ती, दलित अशी सरमिसळ वस्ती. तेथे त्यांनी वाचनालय, दवाखाना, खेळ आणि मुलांचे गट चालविले, आणि जोशींना जी अडचण आली तीच त्यांना आली: माणसे मिळेनात. त्या अडचणीतून १९३६ साली त्याच नागपाड्यात सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क निघाले. सुमारे वीस विद्यार्थी, दोन वर्षांचा अभ्यासक्रम आणि मॅन्शार्ट पहिले संचालक. १९४४ साली त्याचे नाव टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झाले आणि १९५४ साली ते देवनारला गेले.

या संस्थेचे उपकार मोठे आहेत, हे आधी सांगून टाकतो. तेथे शिकलेल्या माणसांनी कामगार कल्याणाच्या कामाला वळण लावले. पण नावातला 'ग्रॅज्युएट' हा शब्द मला नेहमी टोचत आला आहे. नागपाड्याच्या ज्या पोरांना खेळविण्यासाठी ही शाळा निघाली, त्यांच्यातल्या एखाद्याला मोठेपणी खेळविणारा व्हावेसे वाटले तर पदवीवाचून त्याला आत जागा नव्हती. शास्त्र हवे तर पाया हवा, हे मला मान्य आहे. तरीही वस्तीतला माणूस वस्तीसाठी तयार करण्याचे काम तेथे झाले नाही, ते इतरांवर पडले.

ते काम ज्यांनी उचलले त्यांत राष्ट्र सेवा दलाचे नाव घ्यावे लागेल. ४ जून १९४१ रोजी पुण्यास एस. एम. जोशींच्या प्रमुखपणाखाली दलाची नव्याने उभारणी झाली. संध्याकाळची शाखा, तीत खेळ, गाणी, गोष्टी आणि थोडे बौद्धिक, आणि शाखा चालविणारा नायक तयार करण्यासाठी शिबिरे. येथे पदवी विचारीत नव्हते. शाखेत आलेला मुलगा चार वर्षांनी शाखा घेऊ लागे. जातपात न मानता मुलामुलींना एका मैदानात आणावयाचे होते, आणि ते करणाऱ्याला आधी स्वतः तसे वागावयास शिकावे लागे. दलाची ही जमेची बाजू. उणी बाजू अशी की बौद्धिकाचा कंटाळा आलेली मुले गळत, आणि गळालेल्या मुलांच्या मागे जावयास नायकापाशी वेळ नसे. तो स्वतः नोकरी करून आलेला.

साने गुरुजींचे उदाहरण येथे आठवते. अमळनेरच्या हायस्कुलात ते १९२४ साली शिक्षक झाले, पण ते घडले वसतिगृहात. मुलांच्या खोल्या झाडणे, त्यांचे कपडे धुणे ही कामे ते मुलांच्या नकळत करीत. छात्रालयाचे हस्तलिखित दैनिक स्वतः लिहून काढीत. त्यांना कोणी शिकविले होते? कोणी नाही. पण दर शाळेस एक साने गुरुजी मिळतील या आशेवर व्यवस्था उभी करता येत नाही. संतांची भरती निघत नसते.

सरकारची पाळी शेवटी आली. १९३७ नंतरच्या काँग्रेस मंत्रिमंडळाच्या काळात मुंबईत कामगार कल्याण केंद्रे निघू लागली, आणि १९५३ साली मुंबई कामगार कल्याण निधीचा कायदा झाला. या निधीची एक बाब मला फार बोलकी वाटते. कामगाराला झालेला दंड आणि कामगाराने न नेलेला पगार ही रक्कम या निधीत जाते आणि तिच्यातून वाचनालये, खेळ, सहली, करमणूक चालवावयाची. म्हणजे बाप उशिरा पोचला म्हणून कापलेल्या चार आण्यांतून पोराचा कॅरम बोर्ड आला. कायदा चांगला, केंद्रेही चांगली चालली. पण कॅरम बोर्डाच्या खर्चाला जसे सदर होते, तसे त्या बोर्डाशी बसणाऱ्या माणसाच्या शिकण्याला पुरेसे महत्त्व कधी मिळाले नाही, हे मी जवळून पाहिले आहे.

जवळून म्हणजे कसे ते सांगतो. माझे वडील साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर आले, तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. आमच्या चाळीच्या मैदानात एक गृहस्थ रोज संध्याकाळी मुले जमवीत. गिरणीत ते बदलीवर होते, पण आम्ही त्यांना मास्तर म्हणत असू. तरुणपणी त्यांनी कोठेतरी दहा दिवसांचे शिबिर केले होते, एवढेच त्यांचे शिक्षण. ते कधी वर्तुळाबाहेर उभे राहिले नाहीत. सर्वांत दांडगट पोराला ते गुण मोजावयास बसवीत. मग तो भांडणार कोणाशी? दोन दिवस कोणी आला नाही तर तिसऱ्या दिवशी त्याच्या खोलीच्या दारात मास्तर उभे.

संपाचे दोन-तीन महिने झाल्यावर मास्तरांनी हुतूतू बंद केला, लंगडी बंद केली. बसून खेळावयाचे खेळ सुरू केले: भेंड्या, कोडी, पत्त्यांचे बंगले. आम्ही कुरकुरलो. मास्तर म्हणाले, "मैदानात खडी फार झालीय." मैदान तेच होते, खडीही तीच होती. पुष्कळ वर्षांनी माझ्या डोक्यात उजेड पडला की दुपारी जेवलेली पोरे किती आहेत हे त्यांनी आमच्या धावण्यावरून ओळखले होते. त्या पावसाळ्यानंतर मास्तर गावी गेले ते परतले नाहीत. पुढच्या वर्षी मीही शाळा सोडली.

त्यांच्यासारखे करावे म्हणून १९९६ साली मी स्वतः एक संध्याकाळचा वर्ग काढला. बंद गिरण्यांतल्या कामगारांची चाळीस मुले आली. मी उत्साहाने त्यांना चळवळीचा इतिहास सांगू लागलो, घोषणा शिकविल्या, शिस्तीसाठी रांगा लावल्या. तिसऱ्या महिन्यात नऊ मुले उरली. जवळच्या एका संस्थेतल्या ताई एके दिवशी येऊन मागे बसल्या आणि जाताना म्हणाल्या, "दादा, तुम्ही मुलांची सभा घेता. हे मतदार नाहीत." मला राग आला. पण दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या वर्गाला जाऊन बसलो आणि तेथे सहा महिने शिकलो. कोणता खेळ कोणत्या वेळी थांबवावा, हरणाऱ्याला खेळाबाहेर न बसविता आत कसे ठेवावे, रडणाऱ्या मुलाजवळ जावे की त्याला दिसेल असे लांब थांबावे, हे सारे त्यांना येत होते आणि त्यातले बरेचसे त्यांनी प्रशिक्षणात शिकले होते. गिलवेलच्या मिशावाल्यांची गोष्ट मी नंतर वाचली, तेव्हा मला हसू आले. माझी चूल बाईंनी पुरती विझविली होती.

याच ताईंचे केंद्र बावीस वर्षांच्या नोकरीनंतर बंद झाले. त्यांनी हिशेब मागितला तेव्हा उत्तर मिळाले की आपण मानधनावर होता, आपली सेवा स्वयंसेवी स्वरूपाची होती, सबब काही देणे निघत नाही. ते पत्र घेऊन त्या माझ्याकडे आल्या, आणि त्या दिवसापासून या लोकांना संघटित करणे हे माझे काम झाले. मालक गिरणीचा असो की पुण्याईचा, हजेरीपट शेवटी सारखाच वाचावा लागतो. १९२० साली 'स्वयंसेवक' हा शब्द सन्मानाचा होता. त्यानंतरच्या काळात तो पगार बुडविण्याचा शब्द झाला. अंगणवाडीतल्या सेविका आणि मदतनीस यांनाही याच शब्दाने वर्षानुवर्षे बाहेर ठेवले होते. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला, तेव्हा कोठे त्या भिंतीची एक वीट हलली. शाळेनंतरच्या वर्गांतले लोक त्या निकालात येत नाहीत.

माझ्याच चळवळीतले मित्र मला विचारतात की पगाराचे बोलतोस ते ठीक, पण प्रशिक्षणाचे काय काढलेस? मी त्यांना म्हणतो, ज्या कामाला शिकावे लागते हे जग मान्य करते, त्याचाच दर ठरतो. साचेवाल्याचा दर ठरला तो साचा चालविणे सगळ्यांना येत नाही म्हणून. मुले खेळविणे सगळ्यांना येते असे जोवर लोक समजतात, तोवर मानधनच राहणार. आणि दुसरे असे की न शिकलेल्या माणसाच्या हाती चाळीस मुले देणे हा त्या मुलांवरही अन्याय आहे. मी तो तीन महिने केलेला आहे.

गेल्या वर्षी आम्ही अशा पंचेचाळीस जणींचे आणि सात जणांचे तीन दिवसांचे शिबिर घेतले. पहिला दिवस नुसता खेळण्यात घालविला. चोपन्न वर्षांच्या एक बाई लगोरीत बाद झाल्या आणि पंचाशी भांडल्या, तेव्हा रात्रीच्या चर्चेला विषय आपोआप मिळाला. तिसऱ्या दिवशी मागण्यांची यादी करावयास बसलो. मी सवयीने कागद पुढे ओढला आणि 'मानधनात वाढ' असे मनातल्या मनात लिहूनही टाकले. पण पहिली मागणी आली ती खेळाच्या सामानासाठी कुलूप लागणाऱ्या कपाटाची. चेंडू आणि दोऱ्या रात्री चोरीस जातात, सकाळी मुले विचारतात, आणि त्या पदरच्या पैशाने नवीन आणतात. मी एक नंबरवर कपाट लिहिले. मानधन दोन नंबरवर घातले.